पात्राचे गुण कसे ठरवावेत? फासे, चिंचोके आणि लग्नपत्रिकांचे पुठ्ठे



गेल्या सत्रात शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर वाचनालयात आठवी-नववीच्या मुलामुलींचा एक खेळ सुरू झाला. त्यावरून बरीच चर्चा झाली. एका पालकांनी लेखी विचारणा केली, एक पालक स्वतः येऊन भेटले आणि विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही विषय निघाला. तोंडी उत्तरे आम्ही दिली. परंतु खेळ नेमका काय आहे आणि त्यात वाद कशावरून झाला, हे सर्वांना एकदा सविस्तर कळावे म्हणून हा लेख. गणिताची आवड असलेल्या मुलांनी हातात पेन्सिल घेऊन वाचावा.

खेळ शिकवला तो आपल्याच एका माजी विद्यार्थ्याने. तो दिवाळीच्या सुट्टीत गावी आला होता. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यांतील एक सूत्रधार होतो आणि बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो: तुम्ही राजहंसगडाच्या पायथ्याशी पोहोचला आहात, दिवेलागण झाली आहे, वरच्या दरवाज्यापाशी मशाली हलताना दिसतात, आता काय करता? मग एखादी म्हणते मी तटावरून दोर टाकून चढते, दुसरा म्हणतो मी पहारेकऱ्याला पोवाडा ऐकवून बोलण्यात गुंतवतो. हे साधते की फसते, हे सूत्रधाराच्या मर्जीवर सोडलेले नसते. पात्राच्या अंगी तो गुण किती आहे हे पाहायचे आणि फासा टाकायचा. आमच्या मुलांनी मावळा, हेर, वैदू, शाहीर अशी पात्रे केली. मूळ खेळात तलवारबहाद्दर आणि जादूगार असतात. त्या खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाजारात आणला.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. छाप म्हणजे चारचौघांवर पडणारा प्रभाव. प्रत्येक गुणापुढे साधारण ३ ते १८ यांमधील एक आकडा लिहिलेला असतो. येथे एक गंमत सांगावीशी वाटते. आमचे स्वतःचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत परीक्षेत मिळतात ते ‘अंक’ आणि माणसाच्या अंगी असतात ते ‘गुण’. मराठीत मात्र दोन्हींना गुणच म्हणतात. या भागात नव्याने आलो तेव्हा ‘मुलाचे गुण कसे आहेत?’ असे पालकांनी विचारले की आम्ही त्याच्या स्वभावाबद्दल बोलू लागत असू आणि पालक प्रगतिपुस्तकाची वाट पाहत बसत. या खेळाला मात्र मराठीच शब्द चपखल बसतो. येथे अंगचा गुण आणि कागदावरचा गुण एकच असतात.

आता वादाकडे येतो. हे सहा आकडे आणायचे कोठून?

सर्वांत जुनी पद्धत सोपी आहे. तीन साधे फासे टाकायचे, बेरीज करायची आणि पहिल्या गुणापुढे लिहायची. असे सहा वेळा, ठरलेल्या क्रमाने. अदलाबदल नाही. आपल्या मुलांनीही असेच केले. एका मुलाला मिळाले ७, ९, ६, ११, ८, १०. त्याच्या शेजारी बसणाऱ्याला मिळाले १४, १२, १६, ९, १३, ११. बेरीज करून पाहा, एकाची ५१ आणि दुसऱ्याची ७५.

हा फरक खेळात कसा उतरतो ते समजून घ्या. २००० साली आलेल्या आवृत्तीपासूनचा हिशोब असा आहे की १० किंवा ११ असेल तर काही नफा-तोटा नाही. त्याच्या वर प्रत्येक दोन आकड्यांना एक जादा, खाली प्रत्येक दोन आकड्यांना एक वजा. म्हणजे १६ वाल्याला ३ जादा मिळतात आणि ६ वाल्याचे २ वजा होतात. काम साधले की नाही हे वीस बाजूंच्या फाशाने ठरते. तो आपल्याकडे सहज मिळत नाही, म्हणून मुलांनी डब्यात १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या. समजा ११ किंवा अधिक आल्यास काम साधते. १६ वाल्याला ८ ची चिठ्ठीही पुरते, म्हणजे वीसपैकी १३ चिठ्ठ्या त्याच्या बाजूच्या. ६ वाल्याला १३ च्या पुढचीच चिठ्ठी लागते, म्हणजे १३ धरून फक्त ८. एकाची शक्यता शंभरात ६५, दुसऱ्याची ४०. आणि हे एका दुपारपुरते नव्हते. मुलांनी तीच पात्रे घेऊन अख्खे सत्र खेळायचे ठरवले होते.

तिसऱ्या शनिवारी तो ५१ बेरजेचा मुलगा आला नाही. पुढच्या आठवड्यात त्याचे वडील कार्यालयात आले. खुर्चीवर न बसताच म्हणाले, ‘सर, खेळातसुद्धा आमच्या पोराच्या वाट्याला कमीच का?’ यावर आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही, हे येथे प्रामाणिकपणे नमूद करतो.

त्याआधी विश्वस्त मंडळातील एका ज्येष्ठांच्या शंकेला उत्तर द्यायला हवे. शाळेत फासे आले म्हणजे जुगार आला, असे त्यांचे म्हणणे. द्यूतसभा आपल्या सर्वांच्या मनात असते, त्यामुळे शंका रास्त आहे. परंतु या खेळात पणाला काही लावायचे नसते, कोणी कोणाकडून काही जिंकत नाही, सगळे मिळून एकाच बाजूने खेळतात. आणि महाभारतात फाशांची दुसरीही कथा आहे. नलराजा द्यूतात राज्य हरतो आणि नाव बदलून ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे जाताना वाटेत बेहड्याचे झाड लागते. ऋतुपर्ण नुसते पाहून त्याची पाने आणि फळे किती ते सांगतो. नलाला खरे वाटत नाही, तो रथ थांबवून मोजून पाहतो. हिशोब जुळतो. मग नल त्याच्याकडून अक्षविद्या घेतो आणि बदल्यात अश्वविद्या देतो. त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरत असत. हे झाड आपल्या खानापूरकडच्या रानात आजही आहे. मोजणी आणि फासे यांचा संबंध आपल्याकडे इतका जुना आहे. असो.

तर मोजणीच करू. तीन फासे एकूण किती प्रकारे पडू शकतात? सहा गुणिले सहा गुणिले सहा, म्हणजे २१६. त्यांत १८ येण्याचा प्रकार एकच, तिन्हींवर सहा. ३ येण्याचाही एकच. १० मात्र २७ प्रकारे येतो आणि ११ ही २७ प्रकारे. ९ ते १२ यांमध्ये २१६ पैकी १०४ प्रकार बसतात, म्हणजे जवळजवळ निम्मे. फासे बहुतेकांना मध्यम करतात आणि क्वचित कोणाला टोकाला नेतात.

मुलांसाठी एक कोडे. ९ ही बेरीज सहा तऱ्हांनी होते: ६-२-१, ५-३-१, ५-२-२, ४-४-१, ४-३-२, ३-३-३. १० चीही सहाच तऱ्हांनी होते, त्या तुम्ही लिहून काढा. मग १० जास्त वेळा का पडतो? इटलीत हाच प्रश्न गॅलिलिओपुढे आला होता आणि त्याने त्यावर छोटेसे टिपण लिहिले. उत्तर क्रमात आहे. ६-२-१ हे तीन फाशांवर सहा वेगवेगळ्या क्रमांनी पडू शकते, ५-२-२ तीन क्रमांनी, पण ३-३-३ एकाच क्रमाने. म्हणून ९ चे २५ प्रकार होतात आणि १० चे २७.

आठवीच्या एका तुकडीत ३६ मुले बसवून प्रत्येकाकडून सहा-सहा वेळा तीन फासे टाकून घेतले. ३६ गुणिले ६ म्हणजे नेमके २१६. त्यामुळे एक तरी १८ पडणारच अशी मुलांची खात्री होती. एकही पडला नाही आणि वर्ग हिरमुसला. वास्तविक त्यात नवल नाही. २१६ वेळा टाकूनही १८ एकदाही न पडण्याची शक्यता शंभरात सुमारे ३७ असते. ‘२१६ मध्ये एक’ म्हणजे ‘२१६ टाकले की एक मिळणार’ असे नव्हे. हे फळ्यावर दहा वेळा लिहून जे समजत नाही ते त्या तासाला समजले.

एका मुलीच्या आजीने निरोप धाडला की फासे कशाला विकत आणता, चिंचोके घ्या. सूचना उत्तम होती. चल्लस आठ खेळणाऱ्या घरांत चिंचोका मधोमध फोडून दगडावर घासतात. एक बाजू पांढरी, एक तपकिरी. कवड्या नसल्या की त्यांवर काम भागते. चारही पांढरे पडले की चार आणि एकही पांढरा नसला की आठ. कन्नड शेजाऱ्यांकडे हाच खेळ चौकाबारा, तेथेही चौका म्हणजे चार आणि बारा म्हणजे आठ! दोन्ही बाजू सारख्याच पडतात असे धरले तर चार चिंचोक्यांचे १६ प्रकार होतात आणि चल्लस त्यांतला एक. (खरे तर चिंचोका एका बाजूला सपाट आणि दुसरीकडे फुगीर असतो, तो अगदी समान पडत नाही. कवडीचेही तसेच.)

मुलांनी लगेच हिशोब मांडला की १८ चिंचोके एकदम टाकू आणि पांढरे मोजू, म्हणजे ० ते १८ गुण मिळतील. करून पाहिले. जो तो ७ ते ११ च्या आसपास. सगळेच मध्यम! कारण अठराही पांढरे पडण्याची शक्यता २,६२,१४४ मध्ये एक. जितक्या जास्त वस्तू एकदम टाकाल तितके सगळे मध्याकडे ओढले जाते. सर्व पात्रे एकसारखी व्हायला लागली तेव्हा चिंचोके बाजूला ठेवले. आजींनी राग मानू नये.

ही अडचण मूळ खेळणाऱ्यांनाही आली होती. सुरुवातीच्या काळात पात्र पाच-दहा मिनिटांत तयार होई आणि बऱ्याचदा त्याच दिवशी गतप्राण होई, मग नवे करायचे. गुणांचा परिणामही आजच्या मानाने कमी होता. त्यामुळे वाईट फासे कोणाला फार बोचत नसत. लोक एकच पात्र घेऊन महिनोन्‌महिने खेळू लागले तेव्हा तक्रारी आल्या. १९७९ च्या सूत्रधारांच्या पुस्तकात गायगॅक्स यांनी चार नव्या पद्धती दिल्या. चारही अशा की खेळाडूचे थोडे भले व्हावे. त्यांतील पहिली सर्वांत लोकप्रिय झाली: तीनऐवजी चार फासे टाकायचे, सर्वांत लहान फासा सोडून द्यायचा आणि आलेले सहा आकडे हव्या त्या गुणांपुढे लिहायचे.

याचा परिणाम बघा. तीन फाशांची सरासरी साडेदहा, चारांतून तीन घेतल्यावर ती सव्वाबाराच्या जवळ जाते. १८ येण्याचे प्रकार १२९६ पैकी २१ होतात, म्हणजे साधारण ६२ मध्ये एक. सहा आकड्यांत निदान एक १८ असण्याची शक्यता जुन्या पद्धतीत शंभरात तीनहूनही कमी होती, ती नऊच्या वर जाते. पण हा दिलासा सर्वांना मिळतो. ज्याचे फासे चांगले त्याचेही वाढते, म्हणून दोघांमधील अंतर तसेच राहू शकते. शिवाय एक सूक्ष्म फरक पडतो, आम्हाला तो फार महत्त्वाचा वाटतो. क्रमाने लिहायचे तेव्हा आधी फासे आणि मग ‘याचे काय करता येईल’ हा विचार. जे पदरी पडले त्यातून मावळा होतो की वैदू, ते पाहायचे. हव्या तिथे लिहायची मुभा मिळाली की आधी ‘मला मावळा व्हायचे आहे’ आणि मग मोठा आकडा बळापुढे. पहिल्यात पात्र सापडते, दुसऱ्यात निवडले जाते.

ज्यांना फासेच नकोत त्यांनी गुण विकत घ्यायची पद्धत काढली. २०१४ च्या आवृत्तीत ती अशी आहे: प्रत्येकाला २७ गुणांचे भांडवल, प्रत्येक गुण ८ पासून सुरू. १३ पर्यंत एका पायरीला एक खर्च, पुढे १४ ला एकूण ७ आणि १५ ला एकूण ९. त्याच्या वर विकत मिळत नाही. ज्यांना हिशोबाचा कंटाळा त्यांच्यासाठी तयार संच असतो: १५, १४, १३, १२, १०, ८. त्याची किंमत काढा, ९ अधिक ७ अधिक ५ अधिक ४ अधिक २ अधिक शून्य, बरोबर २७. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही.

ही पद्धत आम्हाला पहिल्याच वाचनात आवडली. मुख्याध्यापकाला आवडावी अशीच ती आहे. लगेच मुलांकडून करून घेतली. निकाल पाहून हसू आवरेना. जवळजवळ प्रत्येकाने शहाणपणाला ८ ठेवून उरलेले भांडवल बळात आणि चपळाईत घातले! पाच पात्रे, पाचही दणकट आणि पाचही बिनडोक. वैदू व्हायला कोणी तयार नाही. नववीतील एक मुलगी म्हणाली, ‘सर, हे सगळे एकाच क्लासला जाऊन आल्यासारखे दिसतात.’ समान भांडवल दिले म्हणजे समान न्याय झाला हे खरे, पण जो हिशोबात हुशार तो येथेही पुढे गेला आणि फाशाने जी अनपेक्षित पात्रे जन्माला येत ती नाहीशी झाली. बेरीज ५१ असली तरी त्या मुलाचा ११ बुद्धीचा, ६ काटकपणाचा किडकिडीत हेर मजेदार होता, हे त्याच्या सोबत्यांनीच सांगितले.

मग मुलांनी जो तोडगा काढला तो जाणकार खेळाडूंतही प्रचलित आहे. पत्त्यांचा. १ ते ६ आकड्यांचे प्रत्येकी तीन, असे १८ पत्ते घ्यायचे, पिसायचे आणि तीन-तीनचे सहा गठ्ठे करायचे. प्रत्येक गठ्ठ्याची बेरीज हा एक गुण. १ ते ६ ची बेरीज २१, तिची तिप्पट ६३. म्हणजे कोणीही पिसले तरी सहा गुणांची एकूण बेरीज ६३ च होणार, आणि ६३ भागिले ६ म्हणजे तीच साडेदहा सरासरी. नशीब आहे, पण ते वाटणीपुरते. एकाला भरभरून आणि दुसऱ्याला रिकामे हात असे होत नाही. बळात जास्त आले तर ते दुसऱ्या कशातून तरी कमी झालेले असते. तीन षटके एकाच गठ्ठ्यात येऊन कोठे तरी १८ होण्याची शक्यता १३६ मध्ये एक, म्हणजे तीही आशा उरते.

फक्त शाळेत पत्ते आणायचे म्हटल्यावर पुन्हा भुवया उंचावल्या. मुलांनी गावभरच्या जुन्या लग्नपत्रिका गोळा केल्या, त्यांच्या कोऱ्या बाजू कापून आकडे लिहिले. आमच्या हाती आलेल्या एका पत्त्यावर पुढे ‘४’ आणि मागे ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’ असे होते. लग्नपत्रिकांवरून आठवले, पत्रिका जुळवतानाही आपण गुणच मोजतो. तेथे ३६ गुण असतात आणि किमान १८ जुळावे लागतात. ते गुण कोठून येतात, हा मात्र आमच्या विषयाबाहेरचा प्रश्न.

आम्ही त्या वडिलांना पुन्हा बोलावले आणि वाचनालयात बसवून सगळे दाखवले. त्यांनी स्वतः पत्ते पिसले, दोनदा बेरीज केली, दोन्ही वेळा ६३. ‘म्हणजे वाटप चोख झालं,’ म्हणाले. मुलगाही परत आला. त्याने पिसले तेव्हा निघाले ९, १०, ११, ११, १०, १२. बेरीज ६३, पण एकही आकडा उठून दिसणारा नाही. शेजाऱ्याला १६ आणि ५ दोन्ही मिळाले. आमचा गडी पुन्हा नाराज! ‘सर, मला एक तरी मोठा हवा होता, बाकी कितीही कमी चालले असते.’ सूत्रधार मुलीने त्याला एकदा पुन्हा पिसायची परवानगी दिली, परंतु पहिला संच सोडावा लागेल या अटीवर. त्याने बराच वेळ विचार केला. शेवटी पिसले नाही. त्याच आकड्यांचा शाहीर केला आणि छाप १२ ठेवली.

पुढील सत्रात खेळ सुरू राहील. पात्र कसे करायचे ते प्रत्येक गटाने पहिल्या दिवशी सर्वांच्या संमतीने ठरवावे आणि मग सत्रभर बदलू नये, एवढाच नियम शाळेने घातला आहे. पत्त्यांचा संच, फासे आणि चिंचोक्यांची पिशवी वाचनालयाच्या खिडकीजवळच्या कपाटात आहे. पालकांपैकी कोणाला येऊन पाहायचे असल्यास शनिवारी शाळा सुटल्यावर यावे. वैदू होणारा एक भिडू अजून कमी आहे.